घरातल्या मिरचीची पाने पुन्हा पुन्हा का आकसतात?

दिव्याखाली वाढवलेली मिरची पहिले दोन-अडीच महिने पाहून डोळे निवतील अशी असते. मग एखाद्या सकाळी शेंड्याची पालवी आकसलेली दिसते. आपण निंबोळी तेल फवारतो, खताचा एक जास्तीचा हप्ता देतो, आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच चुरगळलेली पाने समोर येतात. माझ्या घरी हे चक्र जवळजवळ दोन वर्षे चालले. परळला आमच्या इमारतीसमोर टॉवर उभा राहिला आणि खिडकीतले ऊन दिवसाकाठी तासाभरावर आले, तेव्हा लवंगी आणि ज्वाला मिरचीची १२ रोपे मी आतल्या खोलीत लोखंडी मांडणीवर, पांढऱ्या एलईडी नळ्यांखाली आणली. नळ्या आणि टायमर लोहार चाळीत सहज मिळाले, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सालीच्या भुशाच्या, विटा घराजवळच मिळाल्या आणि रोपे जोमाने वाढूही लागली. अडचण आली ती पुढे.

त्या दोन वर्षांत माझी मूळ चूक अशी होती की कीड आणि खताची गडबड या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत असे मी धरून चालले होते. बंद खोलीत या दोन्ही एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एकीची लक्षणे दुसरीसारखी दिसतात आणि एकीवर केलेला उपाय दुसरीला बळ देतो. जास्तीच्या नत्राने (नायट्रोजनने) कोवळी, रसरशीत पालवी फुटते आणि मावा, कोळी (माइट) व फुलकिडे (थ्रिप्स) तिच्यावरच आधी बसतात. उलट, किडीने वाकडी केलेली पाने पाहून आपण ती अन्नद्रव्यांची कमतरता समजतो आणि आणखी नत्र देतो.

आधी हात आवरावा

पाने आकसलेली दिसली की पहिले तीन दिवस काहीही फवारू नये आणि खत देऊ नये. मिरचीचे रोप तीन दिवसांत दगावत नाही, पण घाईने फवारलेल्या तेलामुळे पानाखालचा पुरावा मात्र नाहीसा होतो. या तीन दिवसांत कुंडीला लागेल तेवढे साधे पाणी द्यावे आणि रोप नीट पाहावे. पाहण्यासाठी एक पांढरा कागद, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक टीडीएस मीटर आणि ६० पट मोठे दाखवणारे दिव्याचे भिंग लागते. मीटर आणि भिंग दोन्ही लॅमिंग्टन रोडवर मिळतात. घड्याळजी वापरतात ते १० पटीचे भिंग लाल कोळ्याला आणि फुलकिड्यांना पुरते, पण मिरचीचा खरा शत्रू असलेला पिवळा कोळी त्यातून धड दिसत नाही, कारण त्याची लांबी ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. माझी पहिली सहा महिन्यांची सगळी फवारणी आंधळी झाली, कारण मी कमी ताकदीच्या भिंगातून पाहून ‘पानावर काही नाही’ असे ठरवत राहिले.

भिंग हातात घेण्याआधी मांडणीपासून चार पावले मागे उभे राहून सर्व रोपे एकत्र पाहावीत, कारण खोलीतला निम्मा तपास येथेच होतो. खताची किंवा पाण्याची चूक असेल, तर एकाच माध्यमात आणि एकाच पाण्यावर असलेल्या सर्व रोपांवर ती साधारण एकाच आठवड्यात उमटते. कीड मात्र एका रोपावर, बहुधा त्याच्या एकाच फांदीवर सुरू होते आणि ज्या शेजारच्या रोपाची पाने त्या फांदीला टेकलेली असतात तिकडे सरकते. माझ्या मांडणीवर डाव्या कोपऱ्यातले रोप प्रत्येक वेळी आधी बिघडत असे. खताचे पाणी सगळ्या कुंड्यांना एकाच बादलीतून जात होते, एवढी एक गोष्ट मी लक्षात घेतली असती तरी बारापैकी एकच रोप कसे आकसले, हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्रास जुन्या पानांवर आहे की नव्या, हे पाहावे. नत्र, पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये रोप जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देऊ शकते, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. नत्र कमी असल्यास संपूर्ण पान फिकट पिवळे होते, मॅग्नेशियम कमी असल्यास शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो आणि पालाश कमी असल्यास पानाच्या कडा करपतात. कॅल्शियम आणि लोह यांना रोपात असे हलवता येत नाही, त्यामुळे त्यांची कमतरता शेंड्यावरच्या नव्या पानांत दिसते. पिवळा कोळी आणि फुलकिडेही शेंड्यावरच येतात. म्हणून खरा गोंधळ शेंड्यापाशीच होतो.

वर वळलेले पान आणि खाली वळलेले पान

मिरची लावणारे शेतकरी एक जुनी खूण सांगतात आणि ती घरातही उपयोगी पडते. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल तर फुलकिडे, आणि कडा खाली वळून होडी पालथी पडल्यासारखी दिसत असेल तर कोळी. तरीही बंद खोलीत फक्त या खुणेवर विसंबू नये, कारण दिव्याखाली दोन्ही वळणांची आणखी एकेक कारणे असतात.

वर वळलेल्या पानाबद्दल आधी दिव्याचा संशय घ्यावा. नळी पानांच्या फार जवळ आली किंवा खोली तापली, म्हणजे वरची पाने कडा उचलून घडी घातल्यासारखी उभी राहतात. हे फक्त दिव्याला सर्वांत जवळ असलेल्या पानांत होते, पानाचा पृष्ठभाग निरोगी असतो आणि दिवे बंद झाल्यावर काही तासांत ती पाने बरीच सैल झालेली आढळतात. फुलकिड्यांचे पान रात्री सैल होत नाही. त्याच्या खालच्या बाजूस मधल्या शिरेलगत तपकिरी ओरखडे असतात, जागोजागी चंदेरी चट्टे पडतात आणि त्या चट्ट्यांवर विष्ठेचे बारीक काळे ठिपके दिसतात. शेंडा किंवा उमललेले फूल पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावे. फिकट पिवळ्या, काडीसारख्या, मिलिमीटरभर लांबीच्या अळ्या चालताना दिसल्या तर शंका उरत नाही. झटकताना फुले वगळू नयेत. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणातल्या मिरचीवर ज्या काळ्या फुलकिड्याने मोठे नुकसान केले, तो फुलांमध्येच दाटीने राहतो, आणि बाहेरून आणलेल्या रोपाबरोबर तो घरात येणे अशक्य नाही.

खाली वळलेल्या पानांत नत्राचा अतिरेक आणि पिवळा कोळी यांची गल्लत सर्वाधिक होते, आणि या दोन्हींचे उपाय वेगवेगळे असल्याने ती महागही पडते. नत्र जास्त झालेले रोप सर्वांगाने गडद, जवळजवळ काळपट हिरवे दिसते. पूर्ण वाढलेल्या पानांचीही टोके पंजासारखी खाली वाकतात, पान मात्र लवचीक आणि गुळगुळीत राहते. पिवळा कोळी पूर्ण वाढलेल्या पानांना सहसा हात लावत नाही. शेंड्याची पाने अरुंद, जाड आणि ठिसूळ होतात, त्यांची पाठ तपकिरी व खरखरीत दिसू लागते, पान लहान राहते पण देठ लांबतो, आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. ६० पटीच्या भिंगाखाली अशा पानाच्या पाठीवर पारदर्शक, लंबगोल अंडी दिसतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या टिंबांच्या ओळी असतात. ती अंडी एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला चुकत नाही. त्या दिवशी मला दोन वर्षांच्या कोड्याचे उत्तर मिळाले आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठून घरातल्या सर्वांना बोलावून ते दाखवले.

लाल कोळी ओळखणे तुलनेने सोपे आहे. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात आणि पुढे बारीक जाळी दिसते. तो कोरड्या हवेत फोफावतो, त्यामुळे मुंबईत हिवाळ्यात किंवा एसी चालणाऱ्या खोलीत त्याची शक्यता अधिक असते.

पावसाळ्यात पानांच्या पाठीवर स्फटिकासारखे किंवा खडबडीत दाणे येतात आणि अनेकांना ती किड्याची अंडी वाटतात. नखाने खरवडल्यावर ते दाणे निघून न येता पानाची साल फाटली, तर ती अंडी नाहीत. मुळे भरपूर पाणी ओढत असताना दमट हवेमुळे पानांतून ते बाहेर पडत नाही, म्हणून पेशी फुगून फुटतात. याला पाणी कमी करणे आणि पंखा लावणे एवढाच उपाय पुरतो.

फवारूनही कीड का परतते

निंबोळी तेल काम करत नाही असे म्हणून अनेकजण हताश होतात. तेल काम करते, पण ज्या किड्याला ते लागते त्याच्यावरच करते. फुलकिड्याची मादी अंडी पानाच्या गराच्या आत घालते, तेथे फवारा पोचत नाही. अळीच्या दोन अवस्था पानावर जातात आणि त्यानंतरच्या दोन अवस्था बहुतेक वेळा मातीत किंवा कुंडीत पडलेल्या वाळक्या पानांत, काहीही न खाता काढल्या जातात, तेथेही फवारा पोचत नाही. म्हणजे एका फवारणीत सापडतात त्या फक्त पानावरच्या अळ्या आणि उडते प्रौढ. मुंबईच्या उबेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा सगळा प्रवास दोन-तीन आठवड्यांत होतो, म्हणून पंधरा दिवसांनी ‘पुन्हा कीड आली’ असे आपल्याला वाटते, तेव्हा ती बाहेरून आलेली नसून कुंडीतच शिल्लक राहिलेली असते. पिवळ्या कोळ्याची पिढी तर उबदार, दमट हवेत आठवड्याच्या आत पूर्ण होते. दर रविवारी फवारणारा माणूस प्रत्येक वेळी एका नव्या पिढीवर फवारत असतो आणि तिच्या अंड्यांना मोकळे सोडत असतो.

दुसरे कारण मला माझ्या वहीतल्या तारखांनी दाखवले. फुलकिड्यांचा मोठा उद्रेक लागोपाठ दोन्ही वर्षी दसऱ्यानंतर साधारण अडीच आठवड्यांनी झाला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दादरच्या फुलबाजारातून तीन किलो झेंडू आणतो. तोरण उतरवल्यावर त्या माळा मी खतासाठी वाळवायला मांडणीच्या खालच्या फळीवर पसरून ठेवत असे. झेंडूवर फुलकिडे आणि लाल कोळी दोन्ही राहतात आणि फूल सुकू लागले की ते हिरव्या पानाच्या शोधात निघतात. त्यांना मी मिरचीपासून हातभर अंतरावर आणून ठेवले होते. तोरण बांधू नये असे मी मुळीच म्हणणार नाही. तोरण बाहेरच्या दारावरच राहू द्यावे, फुले कुंड्यांच्या खोलीत आणू नयेत आणि उतरवलेल्या माळा त्याच दिवशी पिशवीत बांधून निर्माल्य कलशात द्याव्यात. तिसऱ्या वर्षी एवढाच बदल केला आणि तो उद्रेक झाला नाही. गणपतीतल्या फुलांनाही हाच नियम लावावा.

पिवळा कोळी येतो त्याची वाट वेगळी आहे. त्याला पंख नसतात, पण तो पांढऱ्या माशीच्या पायांना धरून एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. सोसायटीच्या आवारातल्या जास्वंदीवरची पांढरी माशी आपल्या खिडकीत आली, तर ती अनेकदा एकटी येत नाही. म्हणून पिवळा चिकट सापळा मांडणीपेक्षा खिडकीपाशी लावणे अधिक उपयोगाचे ठरते. फुलकिड्यांसाठी निळा सापळा शेंड्याच्या उंचीवर लावावा.

तिसरे कारण आपल्या नजरेत असते. एकदा आकसलेले पान कीड मेल्यावरही सरळ होत नाही. पिवळ्या कोळ्याच्या लाळेचा परिणाम तर कोळी संपल्यानंतरही दोन-तीन आठवडे नव्या पालवीत दिसत राहतो. जुने वाकडे पान पाहून फवारणी चालू ठेवली की तेलाने पाने करपतात, आणि ती करपलेली पाने पाहून आपण खत वाढवतो. उपाय लागू पडला की नाही, हे फक्त तीन आठवड्यांनंतर फुटलेल्या नव्या पानांवरून आणि भिंगावरून ठरवावे.

खताच्या बादलीत काय चालले आहे

मुंबई महानगरपालिकेचे पाणी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून येते. ते पावसाचे साठलेले पाणी असल्याने मऊ असते, आणि माझ्या मीटरवर ते वर्षभर शंभराच्या आतच राहते. पिण्यासाठी हे वरदान आहे, पण कोकोपीटमधल्या रोपाच्या दृष्टीने या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फारच थोडे असते. आरओ यंत्राच्या पाण्यात तर ते जवळजवळ नसतेच, म्हणून रोपांसाठी ते पाणी वापरण्यात काही शहाणपण नाही. ज्यांच्या इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतो किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जाते, त्यांची परिस्थिती याच्या उलट असते. त्या पाण्यात क्षार मुळातच जास्त असतात. म्हणून दुसऱ्या कोणाचे खताचे प्रमाण उचलण्याआधी आपल्या नळाचे पाणी मोजावे आणि टँकर आला त्या आठवड्यात पुन्हा मोजावे.

यात कोकोपीट स्वतः भर घालते. नारळाच्या सालीच्या या भुशात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असते. आपण घातलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हा भुसा धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम व सोडियम पाण्यात सोडतो. त्यामुळे नुसती भिजवून कुंडीत भरलेली वीट पहिल्या दोन महिन्यांत रोपाच्या वाट्याचे कॅल्शियम स्वतःच खाते. वीट आधी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी, नंतर लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवावी आणि निथळून पुन्हा एकदा धुवावी. हे एका संध्याकाळचे काम आहे. ते टाळल्यामुळे माझी पहिली सर्व रोपे मॅग्नेशियमच्या कमतरतेने खालून पिवळी पडली होती.

आता १९:१९:१९ या विद्राव्य खताकडे येते, कारण घराघरांत तेच वापरले जाते आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याच भोवती आहेत. यात नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश समप्रमाणात असले तरी कॅल्शियम अजिबात नाही, आणि ते घालताही येत नाही, कारण कॅल्शियम आणि स्फुरद घट्ट द्रावणात एकत्र आले की साका बसतो. शिवाय यातले निम्म्याच्या आसपास नत्र युरियाच्या रूपात असते. युरिया पाण्यात विरघळतो पण त्यातून वीज वाहत नाही, आणि टीडीएस मीटर पाण्यातून वाहणाऱ्या विजेवरूनच आकडा दाखवतो. म्हणजे मीटरवरचा आकडा कमी दिसतो, आपल्याला वाटते खत पातळ झाले, आणि आपण आणखी अर्धा चमचा घालतो. पुढे कुंडीतले जीवाणू त्या युरियाचे अमोनियम करतात, अमोनियम मुळांशी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा अडवते, आणि रोप एकाच वेळी नत्राने माजलेले व कॅल्शियमने उपाशी असे होते. अशा रोपाचा शेंडा चुरगळतो, मिरचीचे टोक काळे पडते, आणि कोळ्याला हवी तशी मऊ पालवी आयती मिळते. म्हणून या खताच्या बाबतीत मीटरवर न विसंबता वजनकाट्यावर विसंबावे. चमच्याचे माप सोडून द्यावे, ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा घ्यावा.

सध्या माझा क्रम असा आहे. एका पाण्याला लिटरमागे अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि ०.३ ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) देते, इतक्या पातळ द्रावणात ही दोन्ही एकत्र चालतात. दुसऱ्या पाण्याला लिटरमागे अर्धा ग्रॅम १९:१९:१९ आणि चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्ये देते, आणि तिसरे पाणी साधे. रोपे लहान असताना हे प्रमाण निम्मे ठेवते. प्रत्येक वेळी पाणी कुंडीखालून थोडे निथळेपर्यंत घालावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. महिन्यातून एकदा ते निथळलेले पाणी मीटरने मोजावे. आपण घातलेल्या पाण्याच्या दुप्पट आकडा आला, तर कुंडीत क्षार साठले आहेत असे समजून कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधे पाणी हळूहळू ओतून ती धुऊन काढावी आणि पुढचे पाणी पातळ कॅल्शियम नायट्रेटचे द्यावे.

इतके करूनही पावसाळ्यात शेंडा बिघडत असेल, तर खतात कारण शोधू नये. कॅल्शियम रोपात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते आणि तो प्रवाह पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनावर चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या बंद, बाहेर संततधार, आणि त्याच खोलीत दोरीवर ओले कपडे वाळत घातलेले, अशा हवेत पानांतून पाणी बाहेर पडतच नाही आणि कुंडीत कॅल्शियम असूनही ते शेंड्यापर्यंत पोचत नाही. आमच्या घरी कपड्यांची दोरी दुसऱ्या खोलीत नेली आणि मांडणीला एक छोटा टेबलफॅन दिवसभर मंद ठेवला, त्यानंतर मिरचीची काळी टोके जवळजवळ थांबली. माझ्या मते बंद खोलीत पंखा हा खताच्या पुडीपेक्षा महत्त्वाचा आहे. त्याने दमट हवा हलते आणि खोडही जाड होते.

निदान झाल्यावर करायचे उपचार

पिवळा कोळी निश्चित झाला तर आधी आकसलेले शेंडे, निरोगी पानापर्यंत, कात्रीने कापून लगेच पिशवीत बंद करावेत. कापायला जीव होत नाही हे मी जाणते, पण कोळ्यांची बहुतेक संख्या त्या दोन इंचांतच असते आणि मिरची खालच्या पेऱ्यांतून पुन्हा जोमाने फुटते. त्यानंतर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, दर पाच दिवसांनी चार वेळा फवारावे. फवारा पानाच्या पाठीवर आणि शेंड्याच्या घडीत पोचला पाहिजे. कुंडी बाल्कनीत किंवा न्हाणीघरात नेऊन, नाकातोंडावर मास्क लावूनच हे करावे, पान पूर्ण वाळल्याशिवाय दिव्याखाली परत ठेवू नये, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल त्या दिवशी गंधक टाळावे. तेलाची फवारणी झालेल्या रोपावर पुढचे दोन-तीन आठवडे गंधक मारू नये, त्याने पाने करपतात. ही चूक माझ्याकडून झाली आहे आणि तीन रोपे त्यात पानगळीने उघडी पडली.

फुलकिड्यांसाठी लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावे म्हणून १ ते २ मिलिलिटर सौम्य द्रव साबण, असे द्रावण आधी दोन पानांवर लावून दोन दिवस पाहावे. पाने ठीक राहिली तर दर पाच-सहा दिवसांनी चार वेळा, दिवे बंद झाल्यावर फवारावे. मध्येच ‘आता दिसत नाहीत’ म्हणून थांबू नये. कुंडीतली वाळकी पाने वेचून काढावीत आणि वरचा दीड-दोन इंच कोकोपीट बदलावा, म्हणजे मातीतल्या अवस्था त्याबरोबर बाहेर जातात. पावसाळ्यात बिव्हेरिया किंवा व्हर्टिसिलियम या उपयुक्त बुरशींची भुकटी मी पसंत करते, कारण त्यांना लागणारा दमटपणा तेव्हा हवेतच असतो. मात्र त्या दिवसांत गंधक किंवा अन्य बुरशीनाशक वापरू नये. शेतासाठीची तीव्र कीटकनाशके राहत्या खोलीत आणू नयेत, ज्या घरात मुले खेळतात आणि ज्या मिरच्या रोज फोडणीत पडतात तेथे त्यांना जागा नाही. या सर्व काळात नत्र पूर्ण बंद ठेवावे. पालवी कमी फुटते, पण जी फुटते ती घट्ट असते.

कुंडीभोवती घोंगावणाऱ्या काळ्या चिलटांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटच्या वरच्या थरात राहतात आणि लहान रोपांची मुळे खातात, त्यामुळे पाने पिवळी पडून खताची कमतरता भासते. वरचा इंचभर थर कोरडा होईपर्यंत पाणी न देणे आणि कुंडीला बशीतून, खालून पाणी पाजणे, एवढ्याने महिन्याभरात ती आटोक्यात येतात.

एक रोग मात्र असा आहे की त्यात उपाय करत बसू नये. नवी पाने बारीक, खडबडीत आणि पिवळसर, शिरा जाड, पेरी आखूड, संपूर्ण रोप झुडपासारखे खुरटलेले, आणि भिंगाखाली कोळी किंवा फुलकिडे काहीच नाहीत, अशी स्थिती असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. शेतकरी त्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात, पण हीच नावे ते किडीने आकसलेल्या पानांनाही देतात, म्हणून नावावरून निदान करू नये. विषाणूवर औषध नाही. असे रोप त्याच दिवशी मुळासकट पिशवीत बांधून बाहेर काढावे, ते जितके दिवस राहील तितके दिवस पांढरी माशी त्याच्यावरून शेजारच्या रोपावर जात राहील. कुंडी साबणाने धुऊन पुन्हा वापरता येते, आणि त्यातला कोकोपीट चार-पाच दिवस गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हात ठेवला की दुसऱ्या कुंडीला चालतो. नव्याने आणलेले रोप मात्र, ते आरेतल्या रोपवाटिकेतले असो की राणीच्या बागेतल्या प्रदर्शनातून आणलेले, तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून, दर आठवड्याला शेंड्याचे एक पान तोडून भिंगाखाली पाहिल्याशिवाय मांडणीवर ठेवू नये.